तुम्ही विचारलंत म्हणून: नेपाळ एवढा सुंदर, मग इथे का येता?

"तुमचा देश एवढा सुंदर, एव्हरेस्ट आहे, मग सगळे मुंबईत वॉचमन व्हायला का येता?" अंधेरीतल्या शाळेत असल्यापासून हे ऐकतेय, आता ऑफिसातही तेच, म्हणून एकदाच नीट लिहिते.

एव्हरेस्ट आमच्या गावातून दिसत नाही हो. आम्ही अछाम जिल्ह्यातले, नेपाळच्या पार पश्चिमेकडच्या डोंगरातले. उतारावरच्या शेतात वर्षभराचं धान्य निघत नाही, त्यात २००२ मध्ये माओवाद्यांचा हल्ला झाला, मंगलसेनला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, शंभरावर माणसं गेली, सांफेबगरचा विमानतळ कितीतरी वर्षं बंद पडला. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे इकडे यायला पासपोर्ट लागत नाही, इथल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, आणि आजोबाही इथेच होते. म्हणून येतो. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत २ कोटी ९१ लाख लोक मोजले, शिवाय जवळजवळ २२ लाख परदेशात. बाहेरून येणारा पैसा देशाच्या जीडीपीच्या साधारण पाव हिस्सा.

पूर्वी मी भांडायचे. दिवसाला सोळा तास लोडशेडिंग सोसलेला देश आता पावसाळ्यात भारताला वीज विकतो, माहितेय का तुम्हाला, असं. ते खरंच आहे. पण वीज सांगायची आणि बांचं, म्हणजे वडिलांचं, वॉचमनचं काम सांगायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं केलं, आणि ते चूक होतं.

मार्च २०२० मध्ये आजी अत्यवस्थ म्हणून बा निघाले, मिळेल त्या गाडीने २४ तारखेला उत्तराखंडात सीमेवरच्या बनबसाला पोचले, तर आदल्याच दिवशी नेपाळची सीमा बंद झालेली. त्याच रात्री इकडे लॉकडाऊन. शेकडो माणसं तिथेच अडकली, बांना एका शाळेत ठेवलं. मी फोनवर म्हणत होते परत या, ते म्हणायचे, कशाने येऊ? समोर महाकाली नदी, पलीकडे आपला देश. वर, त्याच नदीकाठच्या धारचुलाला काहीजण पोहून गेले आणि पलीकडे पकडले गेले, ते कळल्यावर बा मला म्हणाले, मला पोहता येत असतं तर मीपण गेलो असतो. नवव्या दिवशी आजी गेली. न्हावी नव्हता, अछामच्याच एकाने ब्लेडने त्यांचं डोकं केलं, पांढरं कापड मिळालं नाही म्हणून कुणाचं तरी धुतलेलं धोतर गुंडाळून तेरा दिवस त्या वर्गात बसले. माझे वडील. जूनमध्ये सोडलं तेव्हा घरी रडायलाही कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांचं रडून झालं होतं.

त्यानंतर मला इथल्यांपेक्षा तिथल्यांचा राग जास्त आला, अजून आहे. मग वाटतं, हा राग धरायचा मला हक्क काय, मी तर तिथे राहिलेच नाही.

बा परत त्याच बिल्डिंगच्या गेटवर आहेत. गावात चुलतभावाने कतारला जायला पासपोर्ट काढलाय. मी त्याला नको म्हटलं, तर तो म्हणाला, "दिदी, मग इथे राहून काय करू?" मी फोन धरून नुसती बसले होते.