आण्णांच्या फोनला सिमकार्ड

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात सोप्याच्या कोनाड्यात एक बटणांचा फोन आहे, माडीवर त्याच लाईनला जोडलेला दुसरा फोन, म्हणजे पॅरलल आहे आणि मधल्या खोलीत लाकडी पाटावर गोल तबकडीचा काळा फोन आहे. आण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानात त्यांनी दिवाणजी म्हणून उभी हयात काढली. सौदे संपले की दर कळवायला अहमदाबादचा ट्रंक कॉल लावून लाईन मिळेपर्यंत तासन्‌तास बसायचे, हे त्यांचे रोजचे काम होते. त्यामुळे रिसीव्हर उचलला की आधी डायल टोन ऐकायचा, मग अंगठ्याने चाचपडत पाचाच्या बटणावरचा उंचवटा शोधायचा आणि तिथून बाकीचे आकडे दाबायचे, ही सवय त्यांच्या हातात इतकी मुरली आहे की दृष्टी अधू झाली तरी त्यांना या फोनसाठी कुणाची मदत लागत नाही. घरातली ही एकच वस्तू अशी उरली आहे.

हा फोन मुका झाला तो पुरामुळे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट मानतात; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि आमच्या बोळातल्या जमिनीखालच्या तांब्याच्या केबलचे जोड दोन्ही वेळा दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले. जोडात ओल शिरली की दोन तारांमधले रोधन कमी होते, आधी खरखर सुरू होते, मग दुसऱ्याचेच बोलणे ऐकू येते आणि शेवटी लाईन बंद पडते. आमची लाईन पहिल्या पुरानंतर जोडून मिळाली, दुसऱ्या पुरानंतर मात्र तक्रार क्रमांकांपलीकडे हाती काही आले नाही. फायबर घ्या, असा सल्ला टेलिफोन कार्यालयातून मिळाला. तो सल्ला चुकीचा नव्हता, कारण फायबरच्या खोक्याला बहुधा फोनची पिन बसणारे छिद्र असते, त्यात जुना फोन चालतो आणि पुष्कळदा जुना क्रमांकही टिकतो. ज्यांच्या दारापर्यंत फायबर पोचले आहे त्यांनी आधी तोच मार्ग पाहावा. आमच्या बोळात तो तेव्हा पोचला नव्हता.

मधल्या काळात आण्णांना आधी टचस्क्रीनचा आणि मग साध्या बटणांचा मोबाइल देऊन पाहिला. कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श काचेला कळत नसे. बटणांचा मोबाइल चार्ज करायचा राहून जाई, आणि वाजला तेव्हा तो खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात आहे की देवघरात, हे शोधेपर्यंत बंद होई. पण माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी होती. मोबाइल एका माणसाचा असतो आणि सोप्यातला फोन घराचा असतो. गडहिंग्लजच्या आत्या रोज संध्याकाळी आठच्या सुमारास फोन करत, तेव्हा जो जवळ असेल तो उचले, आत्या आधी त्याची चौकशी करत, मग आण्णा येत, आणि आई माडीवरचा पॅरलल उचलून मध्येच बोलायला लागे. मोबाइल आल्यावर आत्या फक्त आण्णांशी बोलू लागल्या, आणि आण्णांना नीट ऐकू येत नसल्याने ते बोलणेही दोन मिनिटांत आटोपू लागले. सिमवर चालणारे टेबलफोनही बाजारात मिळतात, ते सोयीचे आहेत, परंतु एका ठिकाणीच वाजतात. आम्हांला घरातल्या तारांवरचे तिन्ही फोन जिवंत करायचे होते.

जुन्या फोनला हवे तरी काय असते, हे आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त लाईनमन काकांनी मला मीटर लावून समजावले. रिसीव्हर जागेवर असताना एक्स्चेंजकडून तारांवर साधारण ४८ व्होल्टचा एकदिश दाब येतो. रिसीव्हर उचलला की मंडळ पूर्ण होऊन प्रवाह वाहतो, त्यावरून एक्स्चेंजला कळते आणि ते डायल टोन सोडते. घंटी वाजवायची तेव्हा सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ वेळा दिशा बदलणारा प्रवाह पाठवला जातो. आमच्या तारांवर मीटरचा काटा हललाच नाही. एवढ्या तीन गोष्टी कुणी दुसऱ्याने पुरवल्या तर फोनला फरक कळत नाही, आणि सिमकार्ड घालून नेमके हेच काम करणारे एक खोके मिळते. त्याला फिक्स्ड वायरलेस टर्मिनल म्हणतात. एका बाजूने ते मोबाइल असते आणि दुसऱ्या बाजूने छोटे एक्स्चेंज.

मी घेतलेले पहिले खोके परत करावे लागले, आणि ही चूक इतरांनी करू नये म्हणून ती सविस्तर सांगते. स्वस्त मिळणारी पुष्कळ खोकी फक्त २जी जाळ्यावर चालतात. आपल्याकडे एका मोठ्या कंपनीचे जाळे मुळातच ४जी आणि ५जी आहे, तिथे बोलणेही व्होल्टी पद्धतीने डेटाच्या मार्गाने जाते, त्यामुळे अशा कंपनीचे सिम २जी खोक्याला ओळखूच येत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम घातल्यावर ते चालले, पण खोके फोनजवळ ठेवले की रिसीव्हरमध्ये टर्र-टर्र असा आवाज घुसे आणि आण्णा वैतागून तो खाली ठेवत. खरेदी करताना खोक्यावर केवळ ४जी लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण काही खोकी ४जी इंटरनेटपुरते वापरतात आणि बोलण्यासाठी २जीवरच उतरतात. ‘व्होल्टीवर कॉल होतो का आणि माझ्या कंपनीच्या सिमवर होतो का’ असे स्पष्ट विचारून, शक्य तर दुकानातच सिम घालून पाहून घ्यावे.

दुसरा एक मार्ग ब्लूटूथचा आहे. त्यात वेगळे सिम लागत नाही. छोटे यंत्र आपल्या मोबाइलला हेडसेटसारखे जोडले जाते आणि मोबाइलवर कॉल आला की घरचे फोन वाजतात. घरी आल्यावर मोबाइल एका जागी ठेवून देणाऱ्यांना तो उत्तम आहे. आमच्या कामाचा तो नव्हता, कारण मी राजारामपुरीत राहते आणि मोबाइल माझ्याबरोबर निघून येतो.

खोके आले त्या रविवारी काकांनी सर्वांत आधी जे केले ते फार महत्त्वाचे होते. बाहेरून येणारी ड्रॉप वायर त्यांनी भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या डबीतून सोडवली, तिची दोन्ही टोके वेगवेगळी टेपने गुंडाळली आणि मगच खोक्याची तार तिथल्या दोन स्क्रूंना जोडली. लाईन मेलेली दिसली तरी ती एखाद्या दिवशी दुरुस्त होऊ शकते, आणि तसे झाले तर एक्स्चेंजचा ४८ व्होल्टचा दाब किंवा त्याहून वाईट म्हणजे घंटीचा दाब उलट खोक्यात शिरून ते जळेल. पावसाळ्यात वीज पडली तर बाहेरची तार ती घरात आणते, हेही आहेच. बाहेरची तार अलग केल्यावर घरातल्या तारांचे जाळे पूर्ण आपले होते. एका रोझेटवर खोके जोडले की तिन्ही खोल्यांत डायल टोन पोचतो.

सोप्यात सिग्नल मात्र जेमतेम होता. दोन फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात आणि मोबाइलच्या लहरीही अडवतात. आमच्या खोक्याचा अँटेना फिरवून काढता येतो, म्हणून तीन मीटर तारेचा लोहचुंबकी बुडाचा अँटेना आणून माडीच्या खिडकीच्या गजाला चिकटवला, आणि खोकेही माडीवर हलवले.

डायल करताना काही सवयी बदलाव्या लागल्या. एक्स्चेंजला क्रमांक किती आकडी आहे हे आधीच ठाऊक असते, खोक्याला ते नसते. म्हणून शेवटचा आकडा दाबल्यावर ते काही सेकंद वाट पाहते आणि मग कॉल लावते. चौकटीची खूण असलेले बटण दाबले की लगेच लागतो, पण आण्णांना मी ते शिकवले नाही, त्यांना थांबायची सवय आहे. लँडलाईनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते, ते आण्णांच्या बोटांत बसले होते आणि सिमवरूनही शून्य लावून कॉल जातो, त्यामुळे तिथे काही मोडावे लागले नाही. खरा बदल स्थानिक क्रमांकांचा होता. आता फोन मोबाइलच्या जाळ्यावरून जात असल्यामुळे कोल्हापुरातल्या कोल्हापुरात लँडलाईन लावतानाही ०२३१ आधी लावावे लागते. आण्णांची फोनची वही दिवाणजींच्या अक्षरातली आहे, त्यात डॉक्टर, औषधांचे दुकान, जुने अडते असे सगळे सात आकडी क्रमांक आहेत. दोन संध्याकाळी बसून मी प्रत्येकाच्या आधी लाल शाईने मोठ्या अक्षरात ०२३१ लिहिले. आण्णा शेजारी बसून कोणते क्रमांक आता लावायचे कारण उरलेले नाही ते सांगत होते, आणि तिथे मी लाल शाई लावली नाही.

तिन्ही फोन एकदम जोडल्यावर घंटी मरगळली. एक्स्चेंज ज्या जोराने घंट्या वाजवते तो जोर एवढ्याशा खोक्यात नसतो. काळ्या फोनच्या पोटात पितळेच्या दोन वाट्या आणि त्यांवर आपटणारा हातोडा आहे, त्याला चालवायला इलेक्ट्रॉनिक घंटीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. माडीवरच्या फोनची घंटी बंद केली तेव्हा काळा फोन पूर्वीसारखा खणखणला. त्याच्यावर कॉल घेता येतो, बोलता येते, पण लावता येत नाही. बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम वाजतात, पाचाला ७७० आणि १३३६ हर्ट्झचे, आणि खोके ते सूर ओळखते. तबकडी सूर काढतच नाही. ती परत फिरताना मंडळ तोडत जाते, पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या गतीने. जुन्या एक्स्चेंजला ही भाषा येत होती. काही खोक्यांना येते, आमच्याला येत नाही. मध्ये बसवायचा, तबकडीच्या या तुटक ठोक्यांचे (पल्सचे) सूर करणारा तुकडा मिळतो, तो मी शोधते आहे.

जुन्या लाईनचा एक गुण मात्र खोक्यात नाही. तिला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, त्यामुळे घरात अंधार असतानाही फोन चालायचा, आणि पुराच्या दिवसांत वीज तोडली जाते तेव्हा त्याचे मोल कळायचे. खोक्यात बॅटरी आहे, ती काही तास टिकते. आम्ही ते इन्व्हर्टरवरही घेतले आहे. तरी पावसाळ्यापूर्वी एकदा वीज बंद करून ते किती वेळ चालते हे मोजून ठेवायचे मी ठरवले आहे.

सिमबद्दल थोडे. नवे सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घालून सुरू करून घ्यावे, सिमला कुलूप घालणारा पिन आकडा बंद ठेवावा आणि मगच खोक्यात घालावे. या क्रमांकावर येणारे मेसेज सोप्यातल्या फोनवर दिसत नाहीत, म्हणून बँक, गॅस किंवा आधार यांना तो जोडू नये. जाहिरातींचे कॉल थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद करावी. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले होते. डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएस यांचा पॅक द्यावा, असे दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आमचा लांब मुदतीचाच आहे, दरमहा आठवण ठेवावी लागत नाही. शेजारच्या वहिनींनी काळजीने विचारले की पोलीस धाडी घालतात ते हेच का. ते हे नव्हे; एकाच यंत्रात अनेक सिम घालून परदेशातून येणारे कॉल चोरून वळवणाऱ्या सिम बॉक्सवर त्या धाडी पडतात. आपल्या नावाचे एक सिम, बिलाने घेतलेले आणि आयएमईआय हा यंत्राच्या ओळखीचा क्रमांक छापलेले खोके, यात लपवण्यासारखे काही नाही.

एका गोष्टीची मला हळहळ आहे. लँडलाईनचा क्रमांक मोबाइलच्या सिमवर नेता येत नाही. लाईन नीट चालत होती तेव्हाच तिच्यावर कॉल फॉरवर्डिंग सुरू करून ठेवले असते, तर जुन्या क्रमांकावर येणारे फोन काही महिने तरी नव्यावर आले असते आणि लोकांना सवडीने कळवता आले असते. ज्यांची लाईन अजून जिवंत आहे त्यांनी ती परत करण्याआधी हे जरूर करावे. आम्ही वही घेऊन एकेकाला फोन करून नवा क्रमांक सांगितला.

पहिला फोन आत्यांनाच केला होता. संध्याकाळी आठला त्यांचा उलट फोन आला तेव्हा मी माडीवर खोक्यापाशी होते. त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि खाली मधल्या खोलीतली पितळी घंटी वाजली. आण्णा नेहमीच्या चालीने उठले, तीन घंट्या झाल्यावर सोप्यातला रिसीव्हर उचलून म्हणाले, “हॅलो, शुक्रवार पेठ.” मग जरा थांबून, “व्हय गं, घरच्याच फोनवरनं बोलतोय.” आई जिना चढून वर आली, माझ्या हातातून पॅरलल घेतला आणि आत्यांना विचारू लागली की गुडघ्याला लावायला सांगितलेले तेल मिळाले का.