पेटी, तराजू आणि पुढाऱ्यांचा हिशेब

भ्रष्टाचाराविषयी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काय शिकवते असे विचारले, की लाच डोळसांनाही आंधळे करते हे निर्गम या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातील वचन बहुतेकांना आठवते. मला मात्र ही शिकवण आज्ञांपेक्षा जुन्या करारातील हिशेबाच्या, वरवर रुक्ष वाटणाऱ्या तपशिलांत अधिक ठळक दिसते, कारण तेथे पुढाऱ्याच्या सचोटीवर नुसता विश्वास टाकलेला नाही, तर ती लोकांना पडताळता यावी अशी सोय केलेली आहे.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात यहूदाच्या योवाश राजाच्या कारकिर्दीचे २३वे वर्ष उजाडले, तरी याजकांनी मंदिराची डागडुजी केलेली नव्हती. याजकांनी पैसा खाल्ला असे लेखक कोठेही म्हणत नाही, आणि हा संयम मला मोलाचा वाटतो. राजाने त्यांना जाब विचारला, पैसे स्वीकारण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेतले, आणि यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली. तीत पुष्कळ पैसे साठले, की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून ते मोजत. याच अध्यायात पुढे, कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत, असेही म्हटले आहे. अर्थात हा विश्वास मोजणीची घडी बसल्यानंतरचा आहे.

बाबेलहून यरुशलेमेला परतणाऱ्या यहूद्यांचा पुढारी एज्रा याने मंदिरासाठीची ६५० किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी आणि १०० किक्कार सोने याजकांच्या हाती तोलून दिले आणि यरुशलेमेत पोहोचल्यावर ते पुन्हा तोलून वजनाची नोंद झाली. यरुशलेमेतील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेला निधी पाठवताना नव्या करारातील प्रेषित पौलानेही ख्रिस्ती मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कारण केवळ प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची त्याला काळजी होती.

इस्राएलाचा न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल याचे उदाहरण यापेक्षा अवघड आहे. मी कोणाचा बैल घेतला, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा, असे तो म्हातारपणी भर सभेत विचारतो आणि लोक त्याला निर्दोष ठरवतात. तथापि त्यानेच न्यायाधीश नेमलेले योएल आणि अबीया हे त्याचे मुलगे बैर-शेबा येथे लाच घेऊन न्याय विपरीत करत होते, आणि राजा हवा ही मागणी करताना वडीलजनांनी हीच तक्रार पुढे केली होती. त्या सभेत स्वतःचा हिशेब मांडण्यापूर्वी शमुवेल मुलांचा उल्लेख करतो खरा, पण ते तुमच्यामध्ये आहेत, एवढेच सांगतो.