पॉलिक्रेटिसचे चित्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी एका चित्राविषयीच लिहिणार, हे आमच्या बॅचने ओळखले असेल. ग्रंथालयातल्या मोठ्या चित्रसंग्रहात ते पानभर छापलेले होते. इटालियन चित्रकार साल्वातोर रोझा याने १६६२च्या सुमारास केलेले एचिंग, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र. विषय पॉलिक्रेटिसचा वध. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर थांबवून घेत आणि ते पान उघडत.

आधी गोष्ट. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सामोस या ग्रीक बेटावर पॉलिक्रेटिसची सत्ता होती. त्याचे नशीब इतके जोरावर, की त्याचा मित्र, इजिप्तचा राजा अमासिस, धास्तावला. ‘सर्वांत लाडकी वस्तू टाकून दे,’ असे त्याने कळवले. पॉलिक्रेटिसने पाचूची अंगठी समुद्रात टाकली. पुढे एका कोळ्याने राजाला भला मोठा मासा नजर केला आणि त्याच्या पोटात तीच अंगठी निघाली! इथे आम्ही ‘शाकुंतल!’ म्हणून ओरडलो. पण दुष्यंताला अंगठीने हरवलेली ओळख परत दिली. इथे अंगठी परत आल्याचे ऐकून अमासिसने मैत्रीच तोडली. एवढे सुख लाभलेल्या माणसाचा शेवट वाईटच होणार, याची त्याला खात्री पटली.

झालेही तसेच. पर्शियन साम्राज्याचा क्षत्रप, म्हणजे प्रांताचा सुभेदार, ओरोइटिस याने सोन्याचे आमिष दाखवले. पाहणीला आलेल्या माणसासाठी आठ पेट्या दगडांनी भरून वर सोन्याचा थर पसरला. मुलगी विनवत असताना पॉलिक्रेटिस निघाला आणि मारला गेला. इतिहासकार हिरोडोटसने तो मृत्यू सांगण्याजोगा नाही म्हणून वर्णन टाळले. देह टांगला, एवढेच लिहिले. रोझाने नेमकी तीच जागा धरली. राजा उंचावर, खाली सैनिक नि बघ्यांची दाटी. रोझा स्वतः कवी होता, रंगमंचावरही उतरलेला होता, आणि ते चित्रात कळते.

सर आम्हाला राजाकडे फार वेळ पाहू देत नसत. भिंग हातात देऊन म्हणत, ‘आता फक्त रेघा बघा.’ तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने चित्र, मग ॲसिड. सुईने मेण उघडे केले तिथेच ॲसिड तांबे खाते. जास्त वेळ ठेवले तर रेघ खोल, म्हणून छापल्यावर काळी. पत्रा शाईने भरून पुसायचा, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. चित्र उलटे उमटते, म्हणून पत्र्यावर सगळे उलटे काढायचे. हे कळल्यावर त्या गर्दीतला एकेक भाला मला वेगळा दिसू लागला. पुढे जे. जे.मध्ये प्रिंटमेकिंग घेतले, त्याचे मूळ त्या भिंगात आहे.

रोझाने त्याच सुमारास असेच मोठे दुसरे एचिंग केले: रोमन सेनापती रेग्युलसचा मृत्यू. कार्थेजच्या कैदेतून वाटाघाटीसाठी सुटलेला हा माणूस दिलेल्या शब्दाखातर परत गेला आणि खिळे ठोकलेल्या पिंपात मारला गेला, अशी रोमन कथा. एक लोभाने गेला, दुसरा शब्द पाळण्यासाठी. रेग्युलसने परत जायला हवे होते का, असे सरांनी विचारले आणि वर्गात जुंपली. मी ‘नको’च्या बाजूने तावातावाने बोललो होतो. आजही माझे मत तेच आहे, आणि यंदाच्या मेळाव्यात ‘हो’ म्हणणाऱ्यांशी पुन्हा भांडायची माझी तयारी आहे.