बंदचं बटण पलीकडं होतं

वखारीत फळ्यांच्या थप्पीवरून पाय घसरला आणि डाव्या घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवडे घरी बसा म्हणून सांगितलं. पण एका बंगल्याच्या १४ खिडक्यांच्या सागवानी चौकटी अंगावर होत्या. घरात जीव लागेना. चौथ्या दिवशी रिक्षा करून कोल्हापुरातल्या उद्यमनगराजवळच्या आमच्या गाळ्यावर गेलो आणि दाराशेजारी स्टूल टाकून बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. बिलाची वही मांडीवर, पेन्सिल हातात, आणि समोर मिस्त्रीमामा कटरवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेल्या करवतीच्या मशीनवर, फळ्या चिरत होते.

वडिलांपासून हा गाळा आमच्याकडे आहे. मी स्वतः २२ वर्षं त्याच कटरवर उभा राहिलो. पण नुसतं बसून, हाताला काम नसताना, दुसऱ्याला तिथं काम करताना मी त्या दिवसाआधी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळात डोळ्यांना काहीतरी टोचायला लागलं. काय ते कळेना, म्हणून वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत गेलो. मामा कशासाठी थांबतात, कुठं जातात, कितीदा वाकतात.

सव्वानऊ ते साडेबारा या वेळात कटरवरचं काम ३४ वेळा थांबलं. पुढची फळी आणायला, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघायला, माप घ्यायला, तोंडावरचा भुसा पुसायला. त्यातल्या ६ वेळाच मशीन बंद झालं. बाकी २८ वेळा पातं तसंच मोकळं फिरत राहिलं.

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, बंद करायला पलीकडं जायाचं, परत चालू करायला पलीकडं जायाचं. त्यापरीस फिरू दे की."

पलीकडं म्हणजे मशीनच्या मागच्या भिंतीवर. थ्री फेजची लाईन तिथं आली होती, म्हणून वडिलांनी स्टार्टर, म्हणजे चालू-बंदच्या बटणांची पेटी, तिथंच ठोकला होता. कटरच्या टेबलाला वळसा घालून, रंधा मशीनच्या बाजूनं, सहा पावलं. इतकी वर्षं ती सहा पावलं आम्ही सगळ्यांनीच वाचवली होती.

साधारण बारा वाजता मामा माप घ्यायला चौकटीकडे वळले. आमच्याकडं आयटीआय करून आलेला १९ वर्षांचा पोरगा आहे, तो कटरशी आला. पातं आणि गाईड, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ सरकवायची ती पट्टी, यांच्या मधे दोन सुताची एक कामटी पडून राहिली होती. त्यानं ती काढायला हात घातला. उघडा हात. हाताऐवजी लाकूड रेटायची ढकलपट्टी रॅकच्या वरच्या फळीवर होती. मी ओरडलो, पण त्याच्या कानात कापूस होता आणि रंधाही चालू होता. मला उठता येईना. बटण भिंतीवर.

त्यानं कामटी उचलली आणि भुशाच्या ढिगावर टाकली. काही झालं नाही. त्याला कळलंही नाही की काही होता होता राहिलं. आमचं १२ इंची पातं मिनिटाला २,८८० फेरे घेतं. त्या वेगानं दातांची टोकं ताशी १६५ किलोमीटरनं पळत असतात. त्याची बोटं त्या दातांपासून वीतभरही लांब नव्हती. आणि हे मी त्याला रागावून सांगण्यासारखं नव्हतं, कारण कामटी तशीच उचलायची हे तो मला आणि मामांना बघूनच शिकला होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी कटरवरचं काम थांबवलं. मामांच्या कपाळाला आठी पडली. शुक्रवारी चौकटी द्यायच्यात, धाकलं मालक, असं ते दोनदा म्हणाले. मी म्हणालो, मामा, आजची दुपार मला द्या.

आधी वायरमनला बोलावलं. ४१५ व्होल्टच्या लाईनला आपण हात लावायचा नाही, हा वडिलांचा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. स्टार्टर होता तिथंच राहिला. त्यानं टेबलाच्या पुढच्या कडेखाली, उभं राहणाऱ्याच्या गुडघ्यासमोर, मोठ्या लाल टोपीचं आणखी एक बंदचं बटण बसवलं. जुन्या लाल बटणाच्याच वायरमधे ते सिरीजला जोडलं. त्यामुळं दोन्हींपैकी कुठलंही दाबलं तरी स्टार्टरमधल्या कॉइलचा, म्हणजे मशीनची वीज जोडून धरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, प्रवाह तुटतो आणि मशीन बंद पडतं. उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन थांबेल, चालू राहणार नाही. हे त्यानं पोराला समजावून सांगितलं ते मला फार आवडलं. लाईट गेल्यावर काय होतं तेही त्याच वेळी सांगितलं. स्टार्टरच्या कॉइलला वीज मिळेना की पकड सुटते, आणि लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. नुसत्या फिरवायच्या स्विचवर चालणाऱ्या मशीनचं तसं नसतं. लाईट आली की ते आपोआप फिरायला लागतं, मग हात कुठंही असो.

त्या लाल टोपीवर मी सागवानाच्या तुकड्याची बिजागरी लावलेली एक झडप बसवली. वीतभर रुंद. गुडघा नुसता टेकला की बटण दाबलं जातं, दोन्ही हात फळीवरच राहतात.

ढकलपट्टीसाठी घरच्या फुटक्या स्पीकरचं चुंबक काढलं. ही कडीसारखी काळी चुंबकं ठिसूळ असतात, आपटली की तडकतात. म्हणून पट्टीत खोबण कोरून आत अरल्डाइटनं बसवलं. गाईड बिडाचा आहे, त्याला पट्टी चिकटून उभी राहते. आता ती हाताला पातं लागायच्या आधी लागते. दुसरं चुंबक ड्रिल मशीनच्या अंगाला लावलं, चकच्या चावीसाठी. चावी चकमधेच विसरून मशीन चालू केलं तर ती गोफणीसारखी सुटते. ती ठेवायला जागा नसते, म्हणूनच विसरली जाते.

सगळ्यात जास्त वेळ पात्यामागच्या सुरीनं घेतला. फळी चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो, चिरलेले दोन भाग मागं मिटतात आणि पातं आवळतात. मग मागचे वर येणारे दात फळीला उचलून सरळ माणसाच्या अंगावर फेकतात. ते होऊ नये म्हणून पात्यामागं एक पोलादी सुरी असते. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी केलेल्या फटीपेक्षा बारीक हवी. आमची मूळ सुरी बारक्या पात्याची होती, आणि शिवाय तीन वर्षं खिळ्याला लटकत होती. कारण एवढंच, की ती काढा-घाला करायला टेबलाखाली पालथं होऊन १३ नंबरच्या पान्यानं दोन बोल्ट सोडवायला लागायचे. एकदा खाच मारायला काढली ती परत चढलीच नाही. उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडं पातं घेऊन पोराला पाठवलं. पात्याचा पत्रा २.२ मिलिमीटर, दातांची फट ३.२. त्यानं २.५ मिलिमीटरच्या प्लेटची सुरी कापून दिली आणि वरून हातानं आवळता येईल अशी मूठ लावून दिली. संध्याकाळी पाच वाजता ती बसली. पोरगा दोनदा काढून-घालून बघत होता. पाव मिनिट.

भुसा ओढणारा पंखा आमच्याकडं आधीपासून आहे, पण त्याचं बटण वेगळं, म्हणून तो दिवसातून दोनदा लागला तर लागायचा. वायरमननं तो कटरच्या स्टार्टरला जोडून दिला. कटर उठला की पंखा उठतो. लाकडाच्या धुळीनं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नक्की केलंय, नाकातला विशेष करून. मामांना सकाळी अर्धा तास खोकला येतो. त्या पंख्याचे पैसे मी कधीच भरले होते, आणि एका बटणासाठी तो नुसता उभा होता. त्याचं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

बँडसॉला, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीला, शिलाई मशीनचा वाकणारा छोटा दिवा लावला, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा. वरची चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्या उजेडात फिरणारी वस्तू कधीकधी सावकाश फिरल्यासारखी, कधी थांबल्यासारखी दिसते. शिवाय पेन्सिलची रेघ पात्याच्या सावलीत जायची आणि मामा मान वाकडी करून बघायचे. दिव्याचं त्यांनी पहिल्या मिनिटाला कौतुक केलं. बाकी कशाचं केलं नाही.

झडपेनं तर दुसऱ्या दिवशी घोळच घातला. सात फुटी जड फळी रेटताना मामांची मांडी झडपेला लागली आणि कट अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं. दोनदा. एका फळीवर पात्याचा काळा डाग पडला, तो रंधून काढावा लागला. मामा काही बोलले नाहीत. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत ती झडप भुशात दिसणार.

सकाळी गेलो तर झडप जागेवरच होती, पण पहिली नव्हती. मामांनी तिची कड रंधून पाचरीसारखी केली होती आणि बिजागरी दोन इंच आत सरकवली होती. मांडी टेकली तर काही होत नव्हतं, गुडघा मुद्दाम पुढं केला तरच बटण दबत होतं. त्या दिवशी मी पुन्हा रेघा मारल्या. ३१ वेळा काम थांबलं, २७ वेळा पातं बंद झालं. बटण दाबल्यावरही आठ-दहा सेकंद ते फिरतच असतं. पोरगा तेवढा वेळ हाताची घडी घालून उभा राहायला शिकला.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कटरवर उभा राहिलो. चौकटी कधीच गेल्या होत्या, आता एका देवघराचं काम होतं. पहिली फळी चिरून वर बघतो तर मामा दाराशेजारच्या स्टुलावर बसलेले.

"ती वही दे हिकडं," ते म्हणाले.

अर्ध्या तासानं त्यांनी मला बोलावून पान दाखवलं. पाच रेघांचा एक गठ्ठा आणि वर दोन.

"गुण्या सात बारी हुडकलास. दर बारी येगळ्या जागी ठेवतोस. त्याला खिळा कुठं मारायचा सांग."