तुम्ही विचारलंत म्हणून: तारीख नको, तिथी सांगा

"ताई, पुढच्या महिन्यात तीन दिवस येतोय तुमच्याकडे. मॉलबिल नको, मुलांना चांगलं दमवायचंय. काय काय करता येईल?" नाशिक, पुणे, सोलापूर, फोन कुठूनही येवो, ख्यालीखुशाली झाली की हा प्रश्न येतोच. नवी मुंबईत नेरूळला राहायला येऊन मला १९ वर्षं झाली. आता माझं उत्तर ठरलेलं आहे: रजा टाकण्याआधी तिथी बघा.

काहींना वाटतं मी मुहूर्त काढायला सांगतेय. मी पाण्याबद्दल सांगतेय. आमच्याकडे पांढऱ्या वाळूचा किनारा नाही. आमचा समुद्र म्हणजे खाडी: चिखल, तिवरं आणि दिवसातून दोनदा चढणारं-उतरणारं पाणी. पक्षी कुठे दिसतील, बोट कधी सुटेल, लाँच धक्क्याला लागेल की नाही, सगळं त्या पाण्यावर.

हे मी शिकले ते माझ्या बहिणीच्या मुलांमुळे. फेब्रुवारीतला रविवार होता. मोठी बहीण, भावजी आणि दोन्ही मुलं खास फ्लेमिंगो बघायला आली होती. आरामात पोहे-चहा करून अकराच्या सुमारास आम्ही डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर पोचलो. तळ्यात एक पक्षी नाही. भाची शाळेतून मागून आणलेली दुर्बीण गळ्यात घालून नुसती उभी. बांधावर करावे गावातले एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "सुकती हाय पोरी. पाखरं खाडीत चरायला गेली. भरतीला येतील परत." मी विचारलं, भरती कधी? त्यांनी मलाच उलट विचारलं, "आज तिथी काय?" सप्तमी होती. "सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला पाणी भरंल." बहिणीची गाडी तीनची होती.

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आम्ही शाळेत घोकली होती, पण ती अशी उपयोगी पडेल हे कुणी सांगितलं नव्हतं. हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाणी मुंबई बंदराकडून आत चढत येतं, म्हणून खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. बंदराचं भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतंच, त्याच्याशी एकदा ताडून पाहा. पण फोनवर बोलता बोलता बेत आखायचा तर पाऊणकीसारखं दुसरं काही नाही.

आता पक्ष्यांचं. ठाण्याच्या खाडीत नोव्हेंबरच्या सुमारास फ्लेमिंगो उतरू लागतात आणि पावसाच्या तोंडाशी निघून जातात. जानेवारी ते एप्रिल सगळ्यात चांगला काळ. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं जेवण. चोच उलटी करून ते चिखल गाळतात, आणि पिसांना गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. भरतीने चिखल बुडाला की पायाखाली जागा उरत नाही. मग ते थव्याने उठून नेरूळच्या उथळ तळ्यांवर येतात, डीपीएसच्या मागे आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे. पाणी जितकं जास्त चढेल तितके जास्त येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, मंद भरती असते, म्हणून द्वादशीपासून पुढचे दिवस मी सुचवते. त्रयोदशीला तेरा पाऊण पावणेदहा. सकाळी आठला बांधावर जाऊन बसा. आधी आवाज येतो, बदकांच्या कळपासारखा घोगरा कलकलाट. मग तिवरांच्या डोक्यावरून पहिली ओळ येते, माना ताणलेल्या, पाय मागे सरळ, आणि पंख वळले की खालचा लालभडक रंग दिसतो. त्या क्षणी मुलांना काही समजावून सांगू नका.

थवा येईपर्यंत काठाच्या चिखलाकडे बघा. निवट्या असतात तिथे, पाण्याबाहेर शेपटीवर उड्या मारणारे मासे. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी सारखी हलवत असतात, कुणाला तरी बोलावल्यासारखी. माझा भाचा याच खेकड्यांपाशी पाऊण तास बसला होता. फक्त चिखलात पाय टाकू देऊ नका, मांडीपर्यंत माणूस रुततो.

पाण्यातून बघायचं असेल तर ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. बोटीची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते. सुट्टीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, नोंदणी आधी करून ठेवा.

एक सांगायलाच हवं. ही तळी जिवंत आहेत ती खाडीचं पाणी नळांतून आत-बाहेर करतं म्हणून. २०२४ मध्ये डीपीएसच्या तळ्याची ती वाट बुजली, तळं कोरडं पडलं आणि पक्षी आले नाहीत. भेगाळलेल्या चिखलावर कुत्री फिरताना मी पाहिली आहेत. तेव्हापासून कुणी पाहुणे आले की मी त्यांना आधी पक्षी दाखवत नाही, तो नळ दाखवते.

दुसरा दिवस डोंगराचा, त्याला पाण्याची अट नाही. खारघरच्या टेकडीवर पहाटे चढून चहाच्या वेळेला घरी येता येतं. पण तीन दिवस हाताशी असतील तर कर्नाळाच करा. पनवेलच्या पुढे १२ किलोमीटर, महामार्गाला लागूनच अभयारण्याचं फाटक. सातपर्यंत आत शिरा. झाडीतून दीड-दोन तासांची चढण आहे, आणि गडाच्या माथ्यावर बेसॉल्टचा सुळका अंगठ्यासारखा उभा. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांच्या सावलीत बसलं की घाम दोन मिनिटांत वाळतो. वर कड्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर नको, आरडाओरडा नको, धूर तर मुळीच नको. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. उतरताना मुलांना सांगा की समोरच्या शिरढोणला १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले, आणि त्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते.

पावसाळ्यात येणार असाल तर खारघरच्या पांडवकड्याचं नाव काढू नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत, आणि पावसाळ्यात बंदी असते ती त्यासाठीच.

तिसरा दिवस माझ्या सगळ्यात आवडीचा. नेरूळहून उरणची लोकल पकडा. ही गाडी उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी हा बेत एवढा सोपा नव्हता. पीरवाडीच्या किनाऱ्यावर मुलांना मनसोक्त पळू द्या, मग रिक्षाने मोरा बंदरावर या आणि मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची लाँच धरा. उजव्या हाताला घारापुरी, आजूबाजूला नांगर टाकलेली जहाजं, पायाशी कोळणींच्या पाट्या. पण मोऱ्याला गाळ फार. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच काही तास बंद ठेवतात. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आगेमागे अडकायची भीती. लाँच दुपारी बाराच्या आत धरा.

सायकली आणणार असाल तर पाम बीच रस्त्यावर सकाळी सहाच्या आधी, नंतर गाड्या जोरात असतात. आणि एका रात्री तरी दिवाळे गावातून मासळी आणून घरी करू. बोंबील आणि तांदळाची भाकरी मी करते, निवट्या मिळाल्या तर शेजारच्या काकूंना हाताशी घेईन, त्यांच्यासारख्या मला जमत नाहीत.

म्हणजे त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा असे लागोपाठ तीन दिवस हवेत. कालनिर्णय काढा, शनिवार-रविवारला जोडून कुठे येतात बघा, आणि मला फोन करा. मी चटया आणि दुर्बीण काढून ठेवते.