बूम धरून दुखलेला खांदा आणि गुऱ्हाळाचं पार्श्वसंगीत

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की गुऱ्हाळाच्या लघुपटाचे नऊही तुकडे तयार आहेत, आता फक्त मिक्सिंग राहिलंय. त्या नऊतले आज चार उरलेत. चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये अकरा मिनिटं माझं संगीत वाजत होतं, ते साडेपाचवर आलंय. पहिला तुकडा दिग्दर्शकानं उडवला. बाकीचे चार मी स्वतःच काढले, आणि ते कसं झालं तेच आज लिहायचंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: दिवसा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो, रात्री आणि रविवारी पेटी, कीबोर्ड आणि एक जुना लॅपटॉप. दिग्दर्शक आमच्याच गल्लीतला, एडिटिंग त्याची मावसबहीण करते. पैसे कुणालाच नाहीत. गोष्ट दोन सख्ख्या भावांची. वाटणीवरून अबोला, पण हंगामात दोघं एकाच गुऱ्हाळावर. थोरला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा मुख्य कारागीर, धाकटा चुलवाणाला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीला, जाळ घालणारा. सगळं एका रात्रीत घडतं, आणि अख्ख्या फिल्ममध्ये थोरला धाकट्याशी दोनच शब्द बोलतो: "भेंडी टाक."

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उसाचा रस तापला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात, त्याला धरून घाण वर येते, ती मळी काढून टाकायची. हे वेळेत झालं नाही तर गुळाचा रंग गेला. म्हणजे ते दोन शब्द कामाचेच आहेत, आणि वर्षभराचा अबोला त्यांनीच मोडतो.

मी काय केलं होतं? पटकथा वाचली, डोळे भरून आले, आणि त्याच रात्री घरी हेडफोन लावून त्या प्रसंगाला सेलो, पेटी, मागून बासरी असं सगळं रचून टाकलं. संवादाच्या चार सेकंद आधी सूर चढायला लागतात आणि "टाक"वर पूर्ण फुलतात. मला तर ऐकताना काटा आला होता. दिग्दर्शकानं ऐकलं, म्हणाला, "भारी आहे भावा." आणि पहिल्या कच्च्या कटमध्ये त्या प्रसंगाला संगीतच नाही! मी तणतणत फोन केला. तो म्हणाला, "तू एकदा शूटिंगला ये, मग बोलू. राहिलेल्या दोन रात्री आहेत."

डिसेंबर, वडणग्याच्या पुढं, रात्र पहिली

गेलो तर बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरणारा पोरगा आलेलाच नव्हता. काठी माझ्या हातात आली.

बूम धरणं म्हणजे काठी वर करून उभं राहणं, असं मला वाटायचं. दहा मिनिटांत दंड थरथरायला लागले. पण खरं शिक्षण वेगळंच होतं. कॅमेरावाला ओरडतो, "वर घे, फ्रेममध्ये येतोय." लेन्स बदलली, शॉट मोठा झाला की माइक दीड-दोन हात मागं जातो, आणि कानातल्या हेडफोनमध्ये माणसाचा आवाज तत्क्षणी पातळ होतो. जवळचा शॉट असेल तर त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी घरी बसून दोन्हीखाली सारख्याच वजनाचं संगीत अंथरलं होतं. ज्या लांबच्या शॉटमध्ये थोरल्याचा आवाज आधीच बारीक, तिथं माझा सेलो सगळ्यात जाड. कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, पण स्वतःच्या कानांशी कसा घालणार?

दुसरी गोष्ट चुलवाणाची. टेकच्या वेळी चरक बंद करता येतो. चुलवाण कसं बंद करणार? चिपाडं आत पडली की एक खोल घुंऽऽ असा आवाज उठतो, तो थांबतच नाही. आणि मी काय वाजवलं होतं? नेमका तिथंच, त्याच खर्जात, सेलोचा एक लांब सूर. दोन्ही एकत्र वाजले की ना जाळ ऐकू येतो ना सेलो, नुसता चिखल. वरच्या पट्टीतही तीच गत. बोलण्यातले शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या भागामुळे, आणि पेटीच्या स्वरपट्ट्यांची धार तिथंच पडते. म्हणजे संवादाखाली पेटी दाबून वाजवली की मिक्सिंगवाला ती कमी करणार, आणि मग आपण रुसणार.

काहिलीतल्या रसाचा आवाज मात्र मला लई आवडला. आधी पाण्यासारखा खळखळतो, मग दाट होत जातो, शेवटी बुडबुडे फुटतात ते 'पच्, पच्' असे जड. प्रसंग पुढं सरकलाय हे तो आवाजच सांगतो. त्या जागी मी बासरी लावली होती, देवा!

रात्र दुसरी

"भेंडी टाक"चा प्रसंग याच रात्री पुन्हा घेतला. पटकथेत तो अर्ध्या पानाचा आहे. मी धरून चाललो होतो की पाच-सहा शॉट असतील: हात, काहील, चेहरा, दुसरा चेहरा. दिग्दर्शकानं तो एकाच टेकमध्ये घेतला, पन्नास सेकंदांचा, मध्ये कट नाही. थोरला रस ढवळतोय, मदतीचा गडी कुठं दिसत नाही, मान वळते, परत फिरते, पुन्हा वळते, आणि मग ते दोन शब्द. नट मान वळवतो तेव्हा सगळे लाइटवालेसुद्धा श्वास रोखून उभे होते.

माझ्या संगीतात दर दोन सेकंदांनी काहीतरी बदलत होतं. म्हणजे दिग्दर्शकानं मुद्दाम न केलेले कट माझं संगीत करत होतं. शिवाय सूर चार सेकंद आधी चढायला लागला की बघणाऱ्याला कळतंच, आता हा बोलणार. दुसऱ्यांदा मान वळते तिथली सगळी धाकधूक मी आधीच फोडून टाकली होती. घरी परतताना गाडीवर थंडीनं कुडकुडत हाच विचार चालू होता. त्या तुकड्याचा हट्ट मी त्याच रात्री सोडला.

जाता जाता एक. कामाला जाताना कधी खरी कॉर्नरवरून गेलो तर कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. बाबूराव पेंटर हे मूळ आडनावानं मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी इथं कॅमेरा घडवला आणि १९२० ला 'सैरंध्री' काढला. लेथवरच्या माणसाला याचा अभिमान असणारच, तो सोडा. मला हल्ली आठवतात ते गोविंदराव टेंबे. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात असताना १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. त्या काळात पार्श्वगायन नव्हतं. गाणं शूटिंगच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचं, वादक चौकटीबाहेर बसायचे. माइक कुठं, कॅमेरा कुठं, आपण कुठं उभं राहायचं, हे ठाऊक नसलेल्या संगीतकाराचं काम तिथं चाललंच नसतं. आपल्याला घरबसल्या व्हिडिओ फाइल मिळते म्हणून आपण हे सगळं विसरू शकतो. दुसऱ्या टोकाला सत्यजित राय. १९६१ च्या 'तीन कन्या'पासून ते स्वतःच्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करायला लागले. आपल्यासारख्यांना ती उडी झेपणारी नाही, पण निदान कुंपणावरून पलीकडं बघायला काय हरकत आहे?

जानेवारी, एडिटिंग टेबलावर

ताईंनी, म्हणजे दिग्दर्शकाच्या मावसबहिणीनं, तीन रविवार मला शेजारी बसू दिलं. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. मी बोललो.

इथं मला माझा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, सापडला. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. मिनिटाच्या १४४०. त्याला लयीनं, म्हणजे मिनिटातल्या मात्रांच्या आकड्यानं, भागलं की एका मात्रेला किती फ्रेम ते निघतं. १२० च्या लयीला १२ फ्रेम, ९६ ला १५, ९० ला १६, ८० ला १८, ७२ ला २०. पूर्ण आकडा येणारी लय घेतली की हिशोब सोपा जातो, एवढाच त्याचा फायदा. मी हे कोष्टक कीबोर्डवर चिकटवलंय. तुमची फिल्म २५ फ्रेमची असेल तर १५०० ला भागा, आणि सुरू करण्याआधी एडिटरला विचारा, अंदाज करू नका.

पण आकडे हातात आले म्हणून मी पहिल्या रविवारी प्रत्येक कट मात्रेवर बसवला. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ही लग्नाची कॅसेट झाली." खरंच होतं. रस काहिलीत पडतो त्या चार-पाच शॉटच्या मालिकेत एकच कट समेवर ठेवला, बाकीचे मोकळे सोडले, तेव्हा कुठं ती श्वास घ्यायला लागली. आणि तो एक ठोकाही नेमका कटवर न ठेवता कटनंतर दोन फ्रेम उशिरा आणला, तर जास्त नैसर्गिक वाटला. कटच्या आधी आणला तर लगेच खटकतो. करून बघा.

मग आली खरी परीक्षा. कट लॉक झालाय, म्हणजे आता एडिटिंगमध्ये काही बदलणार नाही, असं सांगून दहा दिवस झाले, आणि एका सकाळी निरोप: चिपाडं उचलण्याच्या शॉटमधून २२ फ्रेम काढल्यात. सेकंदभरसुद्धा नाही! पण माझी लय ९६ ची, मात्रा १५ फ्रेमची. २२ म्हणजे एक मात्रा आणि वर सात फ्रेम. पुढचं सगळं लयीच्या बाहेर. आधीचा मी असतो तर भांडलो असतो. या वेळी वही घेऊन बसलो. आठ मात्रांच्या केरवा तालाच्या एका आवर्तनातली एक मात्रा काढून टाकली, म्हणजे ते आवर्तन सातचं झालं. उरलेले सात फ्रेम पुढच्या आवर्तनात पसरले. आठ मात्रांचे १२० फ्रेम होतात, मला ११३ हवे होते, म्हणून तेवढ्यापुरती लय १०२ केली. ऐकणाऱ्याला लय वाढलेली कळत नाही. ती सात मात्रांची लंगडी मात्र कळते, आणि ती नेमकी धाकट्याच्या हातातून चिपाडं निसटतात तिथं आलीय. हे मी ठरवून केलं, असं दिग्दर्शकाला सांगितलंय. तुम्ही मध्ये बोलू नका.

टेम्प ट्रॅकबद्दल थोडं. कच्च्या कटखाली ताईंनी तात्पुरतं म्हणून एका गाजलेल्या चित्रपटाचं संगीत टाकलं होतं. महिनाभर तेच ऐकून दिग्दर्शकाचे कान त्यावर बसले, माझं काहीही त्याला 'थोडं वेगळं' वाटायचं. हे दुखणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या अंतराळपटासाठी ॲलेक्स नॉर्थ यांनी केलेलं संगीत बाजूला राहिलं आणि आधी लावलेल्या शास्त्रीय रचनाच कायम झाल्या. मी एवढंच केलं: ताईंना विचारलं, हे संगीत तुम्ही इथं का लावलं? त्या म्हणाल्या, "संगीतासाठी नाही लावलं, इथं शॉट लांबतोय ते झाकायला लावलं." मग आम्ही संगीताला हात न लावता शॉटच छोटा केला. माझा अजून एक तुकडा गेला.

गंगावेशीचा प्रयोग

फेब्रुवारीत डोक्यात किडा वळवळला की स्वतःच दोन मिनिटांची फिल्म करून बघू. मोबाइल घेऊन पहाटे दूध कट्ट्यावर. म्हैस समोर पिळतात, फेसाळता ग्लास हातात. ४१ शॉट घेतले, घरी येऊन नऊ वापरता आले. पैलवान एका शॉटमध्ये डावीकडं बघून ग्लास मागतो आणि दुसऱ्या शॉटमध्ये दूधवालाही डावीकडंच बघतोय, म्हणजे दोघं तिसऱ्याच माणसाशी बोलताहेत असं दिसतं. ते झाकायला मी तीन वेगवेगळी संगीतं लावून बघितली. तिन्ही वेळा चूक जास्तच उठून दिसली. दुधाच्या धारेचा आवाज मात्र सुंदर आला. रिकाम्या भांड्यात टणटणीत, मग फेस वाढेल तसा मऊ. त्याखाली काही वाजवायचा धीर झाला नाही. फिल्म कुणाला दाखवणार नाही, मागू नका.

आजची स्थिती

चार तुकडे. सेलो गेला, खर्ज चुलवाणाकडं सोपवला. संवाद असतील तिथं पेटी फक्त खालच्या सप्तकात आणि भाता हलका. मागच्या फिल्मला मी सगळं एकत्र करून एकच एमपीथ्री पाठवली होती आणि मिक्सिंगवाल्यानं कपाळाला हात लावला होता. या वेळी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पेटी वेगळी, ताल वेगळा, तानपुरा वेगळा, आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची बीप. ती बीप जुळली की सगळं जुळलं.

"भेंडी टाक"ला आता काहीच नाही. नुसता जाळ आणि रस. धाकटा भेंडीचं पाणी ओततो, मळी वर यायला लागते, थोरला झाऱ्यानं ती बाजूला घेतो, आणि तिथं, संवादानंतर जवळजवळ चाळीस सेकंदांनी, पेटीचा एकच सूर सुरू होतो. ज्यांच्या गुऱ्हाळावर शूटिंग केलं त्या मामांना परवा लॅपटॉपवर हा प्रसंग दाखवला. म्हटलं, पेटी कशी वाटली? मामा म्हणाले, "पेटी कुठं होती? पर मळी जरा उशिरा काढली बघ त्यानं."

त्या एका सुराला मात्र किंचित कंप येतोय. स्वरपट्टीवर धूळ असेल नाहीतर भात्यातून हवा सुटत असेल. रविवारी पेटी उघडून बसायचंय, मगच शेवटचं रेकॉर्डिंग.