घाना म्हटलं की लोक सुआरेझच काढतात

मी घानात अडीच वर्षं काढलीत हे कळलं की समोरचा हमखास दोनपैकी एक विषय काढतो. एक म्हणजे लॉकडाऊनमध्ये सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला, खांद्यावर शवपेटी घेऊन नाचणाऱ्या सुटाबुटातल्या माणसांचा व्हिडिओ (ती माणसं खरी आहेत बरं का, बेंजामिन आयडू त्यांचा म्होरक्या, लोक पैसे देऊन बोलावतात त्यांना, तिकडे म्हातारं माणूस गेलं की वाजतगाजत पोचवायची पद्धत आहे). आणि दुसरा विषय म्हणजे, "अरे तो सुआरेझ!"

सुआरेझचं आधी उरकून टाकतो. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, घाना विरुद्ध उरुग्वे. आपल्याकडे रात्री बाराला सुरू झालेली मॅच, पुण्यातल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आम्ही पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे झोपेत. घानाच्या मुंतारीने लांबून मारलेला गोल, मग उरुग्वेच्या फोरलानची फ्री किक, १-१, एक्स्ट्रा टाइम, आणि अगदी शेवटच्या क्षणाला गोलमध्ये चाललेला घानाचा बॉल उरुग्वेच्या सुआरेझने सरळ हातांनी अडवला. रेड कार्ड, पेनल्टी. आसामोआ ग्यान आला, मारली, बॉल क्रॉसबारला लागून वर. टीव्ही रूममधले झोपलेले सगळे खाडकन जागे झाले एवढा आरडाओरडा. तोवर आफ्रिकेतली एकही टीम वर्ल्डकपच्या सेमीफायनलला पोचली नव्हती आणि ती पोचता पोचता राहिली ती अशी. मी शिव्या देत झोपायला गेलो आणि पुढची पाच-सहा वर्षं घाना म्हणजे माझ्यासाठी तो एक क्रॉसबार, बस्स.

मग नोकरीच तिकडे लागली. तेमा म्हणून बंदराचं गाव आहे, राजधानी अक्रापासून पंचवीस-तीस किलोमीटर, तिथल्या एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत अकाउंट्सला. निघायच्या आधी बाबांना घाना कुठे आहे ते नकाशावर दाखवावं म्हटलं तर ते म्हणाले "माहितीय रे, ओसिबिसा!" आणि माळ्यावरून कॅसेटचा डबा काढायला उठले. टेडी ओसेई आणि मंडळींनी १९६९ मध्ये लंडनमध्ये काढलेला हा बँड, त्यांचं 'सनशाइन डे' बाबांच्या कॉलेजात म्हणे गॅदरिंगला वाजायचं. कॅसेट सापडली, टेप मात्र पार चिकटलेली.

फॅक्टरीचा ड्रायव्हर अक्राच्या बुकोम भागातला, जातीचा गा म्हणजे तिकडचा मूळचा कोळी समाज म्हणा ना. पहिल्याच आठवड्यात मी आगाऊपणा करून ग्यानच्या पेनल्टीचा विषय काढला. त्याने रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "बॉस, तुम्ही सगळे बाहेरचे लोक ती पेनल्टी सांगता. पुढची कुणी सांगत नाही." मला कळेना पुढची कुठली. तर त्या क्रॉसबारनंतर लगेच शूटआउट झालं ना, त्यात घानाकडून पहिली पेनल्टी मारायला कोण आलं? ग्यानच. अख्ख्या खंडाचं स्वप्न पायाने घालवून जेमतेम काही मिनिटं झालेली आणि हा माणूस परत तोच बॉल त्याच स्पॉटवर ठेवतो आणि आत मारतो. पुढे दुसऱ्यांच्या दोन हुकल्या म्हणून ४-२ ने हरले, त्याची नाही हुकली. मी घरी जाऊन यूट्यूबवर बघितलं. खरंच की. मी ती मॅच लाइव्ह बघितली होती आणि हे माझ्या डोक्यातून पूर्ण पुसलं गेलं होतं.

तेव्हापासून मला नादच लागला. हा पुढचा भाग शोधायचा.

तर बुकोम. अक्राच्या जुन्या वस्तीत, जेम्सटाउनच्या दीपगृहाच्या आसपास, समुद्राला लागून. रंगीत होड्या, जाळी, धुरावर भाजलेल्या मासळीचा वास, आणि दर दोन गल्ल्यांनी एक बॉक्सिंग जिम. जिम म्हणजे काय तर चार भिंती, कधी डोक्यावर पत्रा कधी तोही नाही, आणि पोरं दोरीवर उड्या मारतायत. मंगळवारी समुद्रात जायचं नाही असा तिकडचा नियम, समुद्राला सुट्टी, आणि होमोवो सणाच्या आधी महिनाभर ढोल वाजवायला, मोठा आवाज करायला बंदी, चर्चवाल्यांनासुद्धा. ड्रायव्हरने मला पहिल्यांदा नेलं ते नेमकं त्याच महिन्यात, सगळं बुकोम शांत, आणि त्या शांततेत बॅगवर पडणाऱ्या ठोशांचा फक्त ठप-ठप-ठप आवाज, समुद्राच्या बाजूने येणारा. अजून कानात आहे. नंतर केंकी खाल्लं, म्हणजे मक्याचं आंबवलेलं पीठ मक्याच्याच सालीत गुंडाळून उकडलेलं, सोबत तळलेला मासा आणि शितो नावाची काळी तिखट चटणी, जिच्यात सुकी मासळी घातलेली असते. आजीच्या सुकटीच्या चटणीची इतकी आठवण आली की मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

या गावाने जगाला किती बॉक्सर दिलेत त्याला मोजदाद नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकला सिल्व्हर मिळवणारा क्लेमेंट क्वार्टी, त्याचा सावत्र भाऊ आणि पुढे वेल्टरवेट वजनगटाचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला आइक 'बझूका' क्वार्टी. पण मला सगळ्यात आवडली ती डी. के. पॉयझनची गोष्ट. खरं नाव डेव्हिड कोटेई, सप्टेंबर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात रुबेन ऑलिवारेसला हरवून घानाचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन झाला, फेदरवेट. आता देशात तेव्हा जनरल अचेआम्पॉंगचं लष्करी सरकार, बाजारात माल नाही, परकीय चलन नाही. मग सरकारने काय करावं, तर या बॉक्सरकडून त्याच्या कमाईतले ४५ हजार डॉलर उसने घेतले आणि त्याचे माशाचे डबे मागवले. मॅकरेल, म्हणजे आपला बांगडाच की! देशाचा चॅम्पियन तोंडावर ठोसे खाऊन डॉलर कमावतो आणि सरकार त्याच्याकडून उधारी करून लोकांना बांगडा खायला घालतं, अशी गोष्ट मी तरी दुसरी ऐकलेली नाही. १९७६ च्या नोव्हेंबरात तो अक्रातच, घरच्या लोकांसमोर, डॅनी लोपेझकडून हरला आणि बेल्ट गेला. अचेआम्पॉंगला पुढे १९७९ मध्ये गोळ्या घालून मारलं. सरकारं आली गेली आणि डी. के. पॉयझन कित्येक दशकं आपल्या पैशांसाठी खेटे घालत राहिला. मी अकाउंट्सवाला माणूस, मला ही गोष्ट ऐकल्यावर पहिला प्रश्न पडला की ती एंट्री सरकारी वहीत कुठल्या खात्याला टाकली असेल.

आणि अझुमा नेल्सन. याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर ही पोस्ट सुरू केली होती आणि बघा कुठे कुठे फिरून आलो. जन्म १९५८. १९७८ च्या एडमंटन कॉमनवेल्थला गोल्ड. मग प्रो झाला. १९८२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेक्सिकोचा साल्वाडोर सांचेझ बेल्ट डिफेंड करणार होता, त्याचा प्रतिस्पर्धी जखमी झाला, आणि ऐनवेळी जागा भरायला म्हणून घानाच्या या अनोळखी पोराला बोलावलं. प्रो म्हणून १३ फाइट्स झालेल्या फक्त. सांचेझ तेव्हा जगातल्या सगळ्यात भारी बॉक्सर्सपैकी एक. सगळ्यांना वाटलं तीन-चार राउंडचा खेळ आहे. ती फाइट चालली पंधराव्या राउंडपर्यंत! शेवटच्या राउंडला रेफरीने थांबवली, नेल्सन हरला, पण तोवर सांचेझची पुरती दमछाक झाली होती. व्हिडिओ बघा एकदा, जुना आणि धुरकट आहे, पण सातव्या राउंडला खाली पडून उठल्यावर नेल्सन मागे सरकतच नाही, उलट पुढे येतो.

याच्या तीन आठवड्यांनी, १२ ऑगस्टला सांचेझ कार अपघातात गेला. २३ वर्षांचा. म्हणजे नेल्सनला तो हरलेला हिशोब चुकता करायची संधी कधीच मिळणार नव्हती. ड्रायव्हरच्या काकांनी ती फाइट रेडिओवर ऐकलेली आणि त्यांचं म्हणणं असं की अझुमा त्यानंतर जेवढ्या फाइट्स लढला त्या सगळ्या तो सांचेझशीच लढत होता. काकांचं काय, चार घोट पोटात गेल्यावर ते असंच बोलायचे, पण मला पटतं ते. डिसेंबर १९८४ मध्ये हा गडी प्वेर्तो रिकोत जाऊन त्यांच्याच विल्फ्रेडो गोमेझला त्यांच्याच लोकांसमोर अकराव्या राउंडमध्ये झोपवून तोच डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा) बेल्ट घेऊन आला.

१९९१ ला लास वेगासमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेफ फेनेकशी ड्रॉ झाला, आणि खरं सांगायचं तर ती फाइट फेनेकने जिंकली होती असं जवळपास सगळेच म्हणतात, मी पण बघितली आणि मलाही तसंच वाटलं (ड्रायव्हर हे वाचणार नाही म्हणून लिहितोय). नेल्सन म्हणाला मला मलेरिया झाला होता. लोक हसले. मग १ मार्च १९९२ ला मेलबर्नमध्ये, फेनेकच्या घरात, उघड्या मैदानात रीमॅच. पहिल्याच राउंडला फेनेक खाली, आठव्यात खेळ खलास. त्या दिवसानंतर मलेरियावर कुणी हसलं नाही म्हणतात. गंमत म्हणजे ३१ वर्षांनी, २०२२ मध्ये डब्ल्यूबीसीने ती पहिली फाइट फेनेकने जिंकली असं जाहीर करून त्याला बेल्ट दिला. आता यावर बुकोममध्ये काय बोलणं झालं असेल ते मी इथे छापू शकत नाही.

फुटबॉलमध्ये अबेदी पेलेचं घराणं म्हणजे तर एक वेगळीच पोस्ट होईल. थोडक्यात सांगतो. १७ व्या वर्षी १९८२ ची आफ्रिका कप जिंकलेली टीम, त्यात हा होता. घाना त्यानंतर आजतागायत ती कप जिंकलेला नाही. १९९२ ला फायनलला पोचले, पण अबेदी कार्डांमुळे सस्पेंड, बाहेर बसून बघतोय, आणि टीम आयव्हरी कोस्टकडून पेनल्टीवर हरली, स्कोअर ११-१०! लगेच पुढच्या वर्षी म्युनिकला चॅम्पियन्स लीगची फायनल, त्याच्या मार्से क्लबचा एकमेव गोल बोली नावाच्या खेळाडूच्या डोक्यातून झाला आणि तो कॉर्नर मारला होता अबेदीने, समोर एसी मिलान. वर्ल्डकप मात्र कधीच खेळायला मिळाला नाही, घानाच पहिल्यांदा २००६ ला पोचलं. आणि मुलगा आंद्रे आयू २०१० ला त्या उरुग्वेच्या मॅचला कुठे होता? कार्डांमुळे सस्पेंड. बाप तसा बेटा, पण असं नको होतं.

ग्यानचं पुढे काय झालं तर २०१२ ला आफ्रिका कपच्या सेमीफायनलला झांबियाविरुद्ध परत पेनल्टी हुकली. आईने जायच्या आधी सांगितलं होतं की आता देशासाठी पेनल्टी मारू नकोस, असं त्याने नंतर सांगितलं. तरी देशासाठी ५१ गोल आहेत त्याचे आणि वर्ल्डकपमध्ये ६, आफ्रिकेतल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त. गाणी पण गायचा, कॅस्ट्रो नावाच्या तिकडच्या स्टार गायकाबरोबर. हा कॅस्ट्रो २०१४ च्या जुलैमध्ये अदा इथे, जिथे व्होल्टा नदी समुद्राला मिळते तिथे, जेट स्की घेऊन पाण्यात गेला आणि आलाच नाही. त्याच अदाचा फुटबॉलर क्रिस्टियन आत्सू. आत्सूबद्दल मला फार लिहवत नाही. किरकोळ चोऱ्यांसाठी तुरुंगात अडकलेल्या गरिबांचे दंड स्वतःच्या पैशांनी भरून त्यांना सोडवायचा तो. ५ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ९७ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल मारून टीमला जिंकवलं, रात्री राहिला, आणि पहाटेच्या भूकंपात गेला.

आमच्या ग्यानला मी शेवटचं बघितलं ते चक्क आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), २०१९ ला, नॉर्थईस्ट युनायटेडकडून, गुवाहाटीत. पुण्यात परत आलो होतो तेव्हा, सोफ्यावर बसून बघत होतो. पोट जरासं सुटलेलं, पण पाठीवर तोच ३ नंबर. ड्रायव्हरला टीव्हीचा फोटो पाठवला तर म्हणाला तुमच्याकडे त्याला नीट जेवायला घाला.

आणि मग २ डिसेंबर २०२२, कतार. परत घाना विरुद्ध उरुग्वे. २१ व्या मिनिटाला घानाला पेनल्टी, आणि बॉल घेऊन उभा कोण, तर आंद्रे आयू. गोलकीपरने अडवली. मी डोक्याला हात लावला. उरुग्वेने दोन गोल मारले, घाना बाहेर. पण तिकडे दुसऱ्या मैदानात कोरियाने पोर्तुगालला शेवटच्या मिनिटांत गोल मारला, आणि आता उरुग्वेला पुढे जायला अजून एक गोल हवा, आणि घानाचे लोक, स्वतः बाहेर गेलेले, जीव तोडून तो गोल अडवतायत, वेळ काढायला शेवटच्या मिनिटाला खेळाडूसुद्धा बदलतायत! शिट्टी वाजली. दोघंही बाहेर. कॅमेरा बेंचवर गेला तर सुआरेझ जर्सी तोंडावर ओढून रडतोय.

साडेदहा वाजले असतील आपल्याकडे. फोनवर ड्रायव्हरचा व्हॉइस मेसेज, पाऊण मिनिटाचा, त्यात नुसतं हसणं, मागे अख्खी गल्ली ओरडतेय, कुणीतरी पातेलं बडवतंय. मी लिहिलं, अरे बाबा, तुम्ही पण घरी गेलात की. उत्तरात आधी एकच शब्द आला, "चाले", म्हणजे आपलं "यार", आणि त्याखाली अजून एक व्हॉइस मेसेज, परत हसण्याचा.